घळीवरचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आत्ता धोका काही नाही, जरा मन मोकळं करावंसं वाटलं. तुमचं दचकणं मला समजतं, कारण मी स्वतः जन्माचा भित्रा. लोकांना घाबरवण्याचं काम ज्याच्या गळ्यात बांधलं, तोच सगळ्यांत घाबरट निघावा, याला माझं नशीब म्हणायचं.

माझा जन्म पेरू देशातल्या लिमा शहरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यातला. ठोकून ठोकून मला धोत्र्याच्या फुलासारखा आकार दिला, वर करडा रंग फासला. माझा पहिला मालक कलिंगडवाला. त्याच्या ट्रकच्या टपावर बसून मी दिवसभर ओरडायचो, "लालबुंद! साखरेसारखं गोड! कापून दाखवतो, मगच घ्या!" ते दिवस सुखाचे होते. कलिंगड फिकं निघालं तर बायका शिव्या द्यायच्या, पण त्या मालकाला. माझ्या ओरडण्यामुळे कुणाच्या जिवाचं बरंवाईट होत नव्हतं.

पुढे तो ट्रक विकला गेला आणि मी एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात धूळ खात पडलो. तिथून मला सान क्रिस्पिनला आणलं. इथल्या आधीच्या भोंग्याला कुणीतरी खांबावरून उतरवून पळवलं होतं, त्याच्या जागी माझी नेमणूक. म्हणजे पहिल्याच दिवशी दोन धास्त्या. एक चोराची, दुसरी कामाची.

सान क्रिस्पिन ही डोंगरउतारावर चढत गेलेली वस्ती. घरं विटांची, पत्र्याची, काही नुसती फळ्यांची. वस्तीला लागून एक घळ उतरते. वर्षभर ती ठणठणीत कोरडी. कोंबड्या तिच्यात उकरत बसतात, पोरं लपाछपी खेळतात. घळीच्या तोंडाशी एक ऐसपैस सपाट जागा आहे. सगळ्या डोंगरावर सपाट अशी तेवढी एकच, म्हणून फुटबॉल तिथं, लग्नाचा नाच तिथं, सभा तिथं. ती जागा सपाट कुणी केली हे मात्र कुणी बोलायचं नाही. ती लोंढ्यानं केलेली होती.

खाली लख्ख ऊन असतं आणि वरच्या डोंगरांत पाऊस कोसळत असतो. मग चिखल, धोंडे, कुणाच्या गोठ्याचं दार, असं सगळं पोटात घेऊन लोंढा घळीतून उतरतो. येण्याआधी गार वारा सुटतो, ओल्या मातीचा वास येतो. त्यानंतर माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून एका संस्थेनं बाहेरच्या देशातून आलेल्या पैशांत इथं धोक्याची सोय केली होती. वर घळीच्या माथ्याशी शेळ्या राखणारे सातुर्निनोकाका. त्यांच्याकडे एक रेडिओ. खाली माझ्या खांबाच्या पायथ्याशी एक खोपट, त्यात दुसरा रेडिओ, सायरनचं बटण, माईक आणि बॅटरी. वर चिखल हलला की काका सांगणार, दोरालिसाबाई बटण दाबणार, मी ओरडणार आणि माणसं पिवळा रंग दिलेल्या पायऱ्यांनी वर पाण्याच्या टाकीकडे पळणार.

दोरालिसाबाई म्हणजे वस्तीच्या संरक्षण समितीच्या अध्यक्ष. बुटक्या, रुंद बांध्याच्या. सकाळी नाक्यावर उकडलेली कणसं आणि चीज विकायच्या, दुपारनंतर खोपटात येऊन बसायच्या. मला खांबावर बसवलं त्या दिवशी त्यांनी बटण दाबून पाहिलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मीच थरथरलो. कलिंगड विकणारं माझं तोंड, त्यातून हे असलं? पण वस्तीची सगळी माणसं म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन टाकीपाशी पोचली होती. मला वाटलं, चला, निदान आपलं ऐकतात तरी.

मग प्रकल्प संपला. एक गाडी आली, साहेबलोकांनी वस्तीबरोबर फोटो काढले आणि ते गेले. पुढच्या वर्षी बॅटरी मरायला लागली. तिचा हिरवा दिवा पिवळा झाला. बटण दाबलं की मी दमेकऱ्यासारखा घरघरायचो. दोरालिसाबाई रोज त्या दिव्याकडे बघायच्या आणि खाली मैदानाकडे बघायच्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं, कारण माझ्याही मनात तेच चालायचं. पावसाळा तोंडावर आला होता.

त्याच सुमारास नोएमी आली. शहरातल्या एका संस्थेची बाई, पाठीवर पिशवी, हातात रंगीत खडू. ती इंजिनिअर नव्हती, पण आमच्याकडे वहीपेन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला इंजिनिअर म्हणतात, तशी तीही इंजिनिअरबाई झाली. बाहेरचा पैसा आटल्यावर वस्तीनं आपल्या कामासाठी आपल्याच माणसांतून पैसा कसा उभा करायचा, हे ती शिकवायची. माझ्या खांबाखाली ताडपत्री बांधून तिचे वर्ग भरायचे. त्यामुळे मी न मागता तिचा विद्यार्थी झालो.

"तुमच्यापैकी कुणी कधी कुणाकडे काही मागितलंय?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तेओफिला बोलली. ती दोरालिसाबाईंची वहिनी, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"मी मागते की. रोज देवाकडे."

"मग? देतो का?"

"विचार करतोय अजून."

हसून हसून ताडपत्री हलली. पण नोएमीनं तेवढ्यावर सोडलं नाही. ती म्हणाली, आपण सोंग करू. तेओफिला म्हणजे खालच्या नाक्यावरचा हार्डवेअरवाला आणि दोरालिसाबाईंनी त्याच्याकडे बॅटरीसाठी मदत मागायची. दोरालिसाबाई उठल्या. ज्या बाईनं लोंढ्याच्या भीतीला तोंड दिलं होतं, ती कोरडे हात पुन्हा पुन्हा झग्याला पुसत होती.

"नमस्कार. आम्ही आलो होतो... म्हणजे जमत असेल तर... नाहीतर राहू द्या."

तेओफिलानं हाताची घडी घातली. "कोण तुम्ही? मागच्या वर्षी नेलेली फावडी आधी परत करा!"

"वहिनी, आम्ही कुठं फावडी नेली?"

"कोण वहिनी? मी दुकानदार आहे. बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

दोरालिसाबाई खरोखरच संतापल्या. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. मग नोएमीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जे सांगितलं ते माझ्या पत्र्यात कोरलं गेलं. ती म्हणाली, "मान खाली घालून मागू नका. ही भीक नाही. त्याचं दुकानही घळीच्या तोंडाशीच आहे, ते त्याला आठवू द्या. आणि एक लक्षात ठेवा, माणूस कशासाठी देतोय ते त्याला कळलं पाहिजे. वस्तू असेल तर दाखवा. आवाज असेल तर ऐकवा."

आवाज असेल तर ऐकवा. तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे पैसा उभा करायचा म्हटलं की पहिली आठवण होते पोयादाची. कोंबडीला लाल मिरची, लसूण आणि बियरचं वाटण चोळून रात्रभर मुरवायचं आणि रविवारी मोठ्या कढईत तळून उकडलेल्या बटाट्याबरोबर विकायचं. मात्र कार्ड, म्हणजे ताटाची चिठ्ठी, आधी विकायची, कोंबडी नंतर द्यायची. शेजाऱ्यानं आणलेलं कार्ड नाकारायचं नसतं. आज त्याच्या घरी आजारपण असतं, उद्या आपल्या घरी असणार, तेव्हा आपलं कार्ड घेऊन आपण त्याच्याच दारात उभे राहणार.

समितीनं बॅटरीसाठी पोयादा करायचं ठरवलं. मैदानात कढया लागल्या. कोंबडी तळून झाली की लोकांना बोलवायचं कसं, यावर दोरालिसाबाईंनाच ते सुचलं. "इंजिनिअरबाई म्हणाल्या ना, आवाज ऐकवा. मग सायरनच वाजवू. ज्याच्यासाठी पैसे दिलेत तो कसा घरघरतोय ते तरी कळेल लोकांना."

मी घरघरलो. लोक डबे, पातेली घेऊन मैदानात उतरले आणि माझी घरघर ऐकून हळहळले. मोटाररिक्षा चालवणारा एफ्राइन, सुटलेल्या पोटाचा, वस्तीतला नामांकित चावट, त्यानं माईक हातात घेतला आणि ओरडला, "पळा पळा, लोंढा आला! कोंबडीचा लोंढा!"

सगळं मैदान हसलं. एकूण एक ताट संपलं. हार्डवेअरवाल्यानंही, कान धरून आणल्यासारखं का होईना, वरचे पैसे घातले. नवी बॅटरी आली. माझा आवाज पार महामार्गापर्यंत पोचायला लागला. दोरालिसाबाई त्या दिवशी खोपटात एकट्याच बसून रडल्या, आनंदानं. मीही सुटकेचा श्वास टाकला.

इथंच थांबायला हवं होतं. पण एकदा मागायची भीती गेली की माणसाला चव लागते. पुढचा पोयादा रेडिओसाठी. त्याच्या पुढचा पायऱ्यांच्या कठड्यासाठी. मग लोंढ्यातले धोंडे अडवायला घळीत वर तारांच्या जाळ्या ठोकायच्या म्हणून. दर वेळी सायरन, दर वेळी एफ्राइनचा तोच विनोद. इतका की तो "लोंढा आला" म्हणायचा आणि पोरं दारातूनच ओरडून पुरं करायची, "कोंबडीचा!" नोएमी दुसऱ्या वस्त्यांतल्या समित्यांना घेऊन यायची आणि सांगायची, "सान क्रिस्पिनकडून शिका."

खांबावरून मला सगळी दारं दिसतात. म्हणून जे दिसायला लागलं ते फक्त मलाच दिसत होतं. पहिल्यांदा कुत्री बदलली. मी वाजलो की हाडांच्या आशेनं ती खाली धावायची. मग रांगती पोरं टाळ्या पिटायला लागली. मग घराघरांतून बायका, मी वाजायच्या आधीच डबे घासून तयार ठेवायला लागल्या. आणि एका रविवारी मी पाहिलं, मी वाजलो तेव्हा एकाही माणसाची मान वर, टाकीकडे वळली नाही. सगळ्या माना खाली. मला हुडहुडी भरली. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी वाजलो की वर जायचं असतं! पण भोंग्याला स्वतःचं असं तोंड नसतं. जे माईकमध्ये घालतील तेवढंच बाहेर काढायचं.

सातुर्निनोकाकांना मात्र वास लागला. एकदा ते रेडिओवर कडाडले, "दोरालिसा, काय चाललंय काय खाली? सायरन ऐकून मी शेळ्या सोडून घळीकडे धावलो. इथं तर आभाळ कोरडं."

"जेवणाचा होता, काका."

"जेवणाला घंटा वाजवा की चर्चची!"

"घंटेला कोण येतं, काका?"

काकांनी रेडिओ खटकन बंद केला. पण दोरालिसाबाईंना ते लागलं असावं, कारण पुढच्या सभेत त्यांनी विषय काढला, की सायरन जेवणाला नको. तेओफिलानं तिथल्या तिथं उडवून लावलं. "वन्सं, असं करू नका. विक्री अर्ध्यावर येईल. तो वाजला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं." सगळ्या हसल्या, आणि ठरलं, जाळ्यांचं काम होईपर्यंत चालू द्यावं.

त्यानंतर मी रोज भीतभीत दिवस काढले. सकाळी धुकं दिसलं तरी माझ्या पत्र्याला कंप सुटायचा.

तो रविवार कार्निवलचा. गल्लीगल्लीत पोरं पाण्याचे फुगे फेकत होती. खाली ऊन इतकं, की माझा पत्रा हात लावता येणार नाही असा तापलेला. मैदानात कढया चढल्या होत्या. तेओफिला आणि बाकीच्या बायका पिठात हात माखून तळायला उभ्या. ठरलं असं होतं, की पहिला घाणा झाला की तेओफिला टॉवेल हलवणार आणि मग वर सायरन वाजणार. खोपटात दोरालिसाबाई, शेजारी एफ्राइन माईक घेऊन तयार. तो केस विंचरत होता, जसं काही माझ्यातून त्याचा भांगही दिसणार होता.

रेडिओ खरखरला.

"उतरला! दोरालिसा, उतरला! लावल्या तेवढ्या जाळ्या गेल्या! मोठा आहे, दोरालिसा, फार मोठा—"

दोरालिसाबाईंनी बटण दाबलं.

मी ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. आणि दारं उघडली. एकामागून एक, पार वरच्या गल्लीपर्यंत. आधी कुत्री सुटली, खाली. मग पोरं. मग बायका, पुरुष, नटूनथटून आलेल्या म्हाताऱ्या, हातात डबे, पातेली, प्लास्टिकचे टोप. कुणाच्या केसांत कार्निवलची कागदी फुलं होती. सगळी वस्ती हसत हसत घळीच्या तोंडात उतरायला लागली. आणि त्यांना मीच बोलावत होतो.

दोरालिसाबाईंनी माईक हिसकावला. "लोंढा आलाय! वर पळा! लोंढा!"

खालून एकमुखानं उत्तर आलं, "कोंबडीचा!"

एफ्राइनचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माईक ओढून घेतला. "अहो खरंच! देवाशप्पथ खरं सांगतो! आईशप्पथ!" आता तर त्याचाच आवाज. लोक पोट धरून हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आज रंगात आलाय गडी!" मैदानात तेओफिला दोन्ही हातांनी नाही नाही करत होती. अजून कोंबडी कच्ची होती. हिला कसली घाई झालीय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. खरं बोलायला जेवढे शब्द होते तेवढे सगळे आम्ही खाऊन बसलो होतो.

एफ्राइन माईक टाकून पायऱ्यांवरून खाली धावत सुटला, माणसांना हातांनी मागे ढकलायला. दोरालिसाबाईंनी माईक उचलला. त्यांचा श्वास माझ्यातून सगळ्या डोंगराला ऐकू गेला. मग त्या बोलल्या, अगदी बाजारात कणसं विकताना बोलतात तशा.

"ऐका हो ऐका! कोंबडी वर आहे! आज ताटं वर लागलीत, पाण्याच्या टाकीपाशी! खाली काही मिळणार नाही. आधी पोचेल त्याला तंगडी, मागून येईल त्याला मान!"

लोक थबकले. मग कुरकुर सुटली. "आधी सांगायला काय झालं होतं?" "एवढं उतरल्यावर?" "या समितीचा कारभारच असा!" पण पाय वळले. बायका शिव्या देत वळल्या, पोरं तंगडीसाठी दोन दोन पायऱ्या चढत सुटली. मी माझ्या जिवाच्या आकांतानं ते खोटं ओरडत राहिलो. कोंबडी वर आहे! कोंबडी वर आहे!

मैदानात तेओफिला कढईसमोर उभी होती. कोंबडी तर तिच्या डोळ्यांदेखत तेलात तडतडत होती. "काय बरळतेय ही?" ती म्हणाली. आणि तिचा हात थांबला. दोरालिसा कधी खोटं बोलायची नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं झारा टाकला. "बायांनो, सगळं सोडा! पळा! वन्सं आतून रडतायत, ऐकू येत नाही का तुम्हाला?" ज्या बाईनं सायरनवर विक्री चालवली होती तिनंच एकेकीला दंडाला धरून पायऱ्यांवर लोटलं.

फेर्मिनआजोबा तेवढे वळले नाहीत. वस्तीत पहिलं घर बांधणाऱ्यांतले ते, हेकट माणूस. झाकणाचं छोटं पातेलं घेऊन ते खाली चालतच राहिले. एफ्राइननं त्यांचा हात धरला तर झटकला. "मला शिकवतोस? धूर खाली निघतोय आणि कोंबडी वर? वरच्या गल्लीवाल्यांना आधी वाढायचंय, दुसरं काय! मी माझं ताट घेऊनच जाणार." लोक त्यांच्या बाजूनं वर लोटत होते, त्या गर्दीत एफ्राइनची पकड सुटली. आजोबा मैदानात पोचले. रिकामं मैदान, पेटलेल्या शेगड्या.

"फेर्मिनआजोबा!" दोरालिसाबाई किंचाळल्या. "आजोबा, पाया पडते, वर या!"

आपलं नाव ऐकून आजोबांनी वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. खिशातून कार्ड काढलं, हात उंच केला आणि ते कार्ड मला हलवून दाखवलं. मी पैसे भरलेत, असं म्हणायचं होतं त्यांना.

माझ्या तोंडात गार वारा शिरला.

पुढचं मी सांगणार नाही. भोंग्याला मान फिरवता येत नाही, डोळे मिटता येत नाहीत. लोंढ्यानं मैदान घेतलं, कढया घेतल्या, खालची दोन घरं आणि हार्डवेअरवाल्याची मागची भिंत घेतली. वर टाकीपाशी सगळी वस्ती उभी होती, हातात रिकामे डबे. आता कुणी हसत नव्हतं. दोरालिसाबाईंना बटण बंद करायचं सुचलं नाही. मी वाजतच राहिलो.

आजोबा सापडले ते बरंच खाली, महामार्गापलीकडे.

त्यानंतरच्या सभेत आजोबांची बायको, कासिमिराआजी, दोरालिसाबाईंपुढे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "त्याला खोटं लगेच ओळखू यायचं गं. आयुष्यभर मी त्याच्यापासून काही लपवू शकले नाही. तू खरं सांगितलं असतंस तर आला असता."

"आजी, खरं आधी सांगितलं होतं," दोरालिसाबाई म्हणाल्या.

आजीनं खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "हो. मीही हसले होते."

एफ्राइन हल्ली रिक्षा चालवतो, पण माईकला शिवत नाही. तेओफिलाच्या जिभेलाही हाड आलंय. सायरन आता फक्त एकाच कामाला. महिन्यातून एकदा सराव होतो, मी वाजतो आणि माणसं मुकाट्यानं वर चढतात. टाकीपाशी पोचल्यावरसुद्धा कुणी गप्पा मारत नाही. मी बंद होईपर्यंत सगळे घळीकडे बघत असतात.

नोएमी लगेच आली नाही. आली तेव्हा खडू आणले नव्हते. ताडपत्रीखाली बसली. मग विचारलं, नव्या जाळ्यांचं काय, काकांना दुसरा रेडिओ हवा होता त्याचं काय, मी काही मदत करू का मागायला.

"जाळ्या आल्या," दोरालिसाबाई म्हणाल्या. "रेडिओही आला."

"कसं काय? पोयादा केलात?"

"नाही."

"मग मागितलंत कुणाकडे?"

"मागावं लागलंच नाही, इंजिनिअरबाई. मी खोपट उघडायच्या आधीच लोक दाराशी पैसे ठेवून गेले होते. कार्ड नाही, काही नाही. पहिल्या कासिमिराआजी."

शिकवायला आलेली नोएमी उठली. खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या पाठीचा हुंदका खांबातून माझ्यापर्यंत पोचला. लोकांनी आपल्या माणसांसाठी आपणहून द्यावं, हेच तर तिला हवं होतं. आता देतात. पण देताना त्यांचे हात गार असतात. माझं विचाराल तर मला ती घरघर ऐकून हळहळणारी, चोखून हाडं टाकणारी, एकमेकांना टोमणे मारत पैसे काढणारी माणसं हवी होती. भीतीनं दिलेल्या पैशावर माझं पोट भरतं, पण मला झोप लागत नाही.

तुमच्याही गावात, नदीकाठी, डोंगरापायथ्याशी माझा एखादा भाऊबंद खांबावर टांगलेला असेल. त्याच्यासाठी पैसे काढा. हसतखेळत काढा, खाऊनपिऊन काढा. फक्त त्याला त्या हसण्यात ओढू नका. तो एकटा, कंटाळवाणा, घाबरट राहिलेलाच बरा.

आता बोलणं आवरतो. वरच्या डोंगरांवर सकाळपासून काळं दाटलंय, दोरालिसाबाई कणसं न विकताच खोपटात येऊन बसल्यात आणि रेडिओ मघापासून खरखरतोय. मी वाजलो तर थांबू नका. माझ्याकडे बघू नका, मला हात करू नका, मला काही दाखवू नका. पाठ फिरवा आणि चढा.